दोनशे नऊ ते दोनशे चोवीस

१९६४ साली बुलढाण्याच्या त्या नव्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित घेतलेली तीनच मुलं होती, आणि तिघांत पुस्तक एकच होतं.

निळ्या कापडी बांधणीचं, विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस त्या वर्षी अभ्यासक्रमात नव्याने आलं होतं. नागपूरच्या दुकानदाराला दुसऱ्या प्रतीसाठी दोन कार्डं टाकून झाली, दोन्ही वेळा नकार आला. मग गणिताच्या खर्चे सरांनी पाळ्या लावून दिल्या, प्रत्येकाला एक आठवडा. उद्धवने आपली पाळी पहिल्याच दिवशी सोडून दिली. "मले थर्ड क्लास भेटला तरी बाप पेढे वाटते," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी बुक कायले लागते?"

उरले शरयू आणि चिंतामण.

शरयूचे वडील भगवंतराव कोर्टात कारकून. चिंतामण खाली वरवट बकालचा, पऱ्हाटी म्हणजे कापूस पिकवणाऱ्या घरातला. उंच, सावळा, सदऱ्याच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. गुरुवार आला की सगळं सोडून शेगावला दर्शनाला जायचा, त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नाही. त्या काळी मुलं-मुली कॉलेजात एकमेकांशी फारसं बोलत नसत. बोललेच तर ओसरीत, सर उभे असताना. त्यामुळे त्या दोघांचं बोलणं पुस्तकातूनच चाले. उदाहरण सुटलं की समासात खूण करायची, अशी रीत आपोआप पडली होती. शरयू ठिपका देई, चिंतामण गोल काढी. त्याचा गोल कधी पुरता मिटत नसे. वरच्या बाजूला एवढीशी फट राही, कारण पेन्सिल उचलून पुढच्या उदाहरणाकडे जायची त्याला घाई. पुस्तक हाती आलं की शरयू आधी गोल मोजायची. गडी किती पुढे गेला ते कळायचं.

खर्चे सर शिकवायचे छान. एकदा त्यांनी तिघांना वर्गातून उठवून ओसरीत आणलं आणि मोताळ्याच्या अंगाला हात केला. "राजूर घाटातली खिंड डोळ्यांपुढे आणा. रस्त्याने चढून आलात तर ती सगळ्यांत उंच जागा. डोंगराच्या धारेवरून उतरून आलात तर तीच सगळ्यांत खोल. जागा एकच. एका चलात असली गंमत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि लक्षात ठेवा, इथे एखाद्या बिंदूपाशी पोचायच्या वाटा अगणित असतात. एकाच वाटेवर पहारा ठेवून भागत नाही."

शरयूने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

ती अडली डबल इंटिग्रलपाशी. आधी उभं मोजायचं की आडवं, आणि क्रम उलटवला की सीमा का बदलतात, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. फळ्यावर तिने सीमा दोनदा लिहून पुसल्या, तेव्हा मागून चिंतामण बोलला.

"काऊन अडता तुम्ही? आमच्या इकडं पऱ्हाटी चौफुलीवर लावतेत, म्हंजे तण काढाले बैलाचा डवरा दोन्हीकडून फिरते. उभी डवरा का आडवी डवरा, वावर तेच. फक्त धुऱ्याकडं, वावराच्या बांधाकडं, ध्यान पाहिजे. धुरा तिरपा असला की तास कुठून सुरू होते आन् कुठं संपते, ते दर येळी नव्यानं पाहा लागते."

"लागला बे हा बैलाले इंटिग्रेशन शिकवाले!" उद्धव म्हणाला.

सर हसले नाहीत. "बरोबर हेच," ते म्हणाले. "पुस्तकाला ह्यासाठी सोळा पानं लागली."

शरयूला ते त्या क्षणी समजलं आणि जन्मभरासाठी समजलं.

त्या वर्षी कॉलेज एक शिष्यवृत्ती देणार होतं. गणितात पहिला येईल त्याला नागपूरला एम.एस्सी.ला जायला, एकालाच. भगवंतरावांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, "मिळाली तर नागपूर. नाही मिळाली तर मेहकरचं स्थळ आपण थांबवून ठेवलंय, ध्यानात असू दे." बाप वाईट नव्हता, स्थळही वाईट नव्हतं. मुलगा तहसील कचेरीत होता, घरची शेती होती. पण 'थांबवून ठेवलंय' हे शब्द ऐकले की शरयू वही ओढून अभ्यासाला बसायची. आणि ती कितीही बसली तरी चिंतामणचे गोल तिच्या ठिपक्यांच्या पुढेच असायचे.

मार्चमध्ये तयारीची सुट्टी लागली आणि चिंतामण गावी गेला. मग पुस्तक एस.टी.ने जाऊ-येऊ लागलं. वरवट बकालची गाडी दहाच्या सुमारास बुलढाण्याला यायची आणि तासाभराने परत फिरायची. कंडक्टर कडूबा हा चिंतामणच्या गावचाच. एका बुधवारी पुस्तक खाली जाई, पुढच्या बुधवारी वर येई. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. कधी सोबत चिठी. कडूबा ते आपल्या सीटखाली ठेवायचा आणि म्हणायचा, "एवढं वजन! दोघांचं तिकीट फाडा लागते ह्याचं."

एक एप्रिलला, बुधवारी, शरयू पुस्तक बांधायला बसली. त्यातल्या एका बाडाची शिवण बरेच दिवस सैल झाली होती. दोनशे नऊ ते दोनशे चोवीस ही सोळा पानं अख्खी सुटून तिच्या हातात आली.

डबल इंटिग्रलचं प्रकरण. एकतीस उदाहरणं. पेपरात पंचवीस गुणांचं. समासात तिचे अकरा ठिपके होते आणि त्याचे सात गोल. त्या एका प्रकरणात ती त्याच्या पुढे होती.

पानं परत आत सरकवायला फार तर दोन पळं लागली असती. तिने ती बाजूला ठेवली, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सुतळीला दोन गाठी मारल्या. पुढच्या आठवड्यात पाठवू, तिने स्वतःला सांगितलं. पानं ट्रंकेत परकराच्या घडीखाली गेली.

शुक्रवारी कडूबाने चिठी आणून दिली. 'पान २०९ ते २२४ बुकात नाहीत. तुमच्यापाशी राह्यले का? माझे सातच झाले होते. सापडले तर कडूबाजवळ द्या.'

स्टँडच्या कट्ट्यावर चिठी ठेवून, कडूबाचीच पेन्सिल घेऊन, तिने मागच्या बाजूला लिहिलं, 'माझ्याकडे नाहीत. शोधून पाहते.'

"बस, एवढंच?" कडूबा म्हणाला. "पोरगं दोन दिसांपासून स्टँडवर येऊन उभं राह्यते, ताई. माय म्हणते, जेवाले बसलं तरी बोटानं ताटात रेघोट्याच ओढते."

"एवढंच," शरयू म्हणाली.

पुढच्या बुधवारी पुस्तक यायचं होतं. ती दहाला स्टँडवर गेली. कडूबा गाडीतून उतरला, तिच्याकडे पाहिलं आणि तिकिटांची पेटी खाली ठेवली.

"बुक नाई आणलं, ताई."

तिने गाडीच्या दाराकडे पाहिलं.

"सोमवारी तो सकायीच स्टँडवर आल्ता. लग्नाची तीथ दाट, गाडीत पाय ठेवाले जागा नाई. म्हणे, कॉलेजातल्या कपाटात एकडाव पाहून येतो, तिथं पडले असतील पानं. म्या म्हनलं, उद्या ये. तं सायकल काढली." कडूबाने तोंडावरून पंचा फिरवला. "एवढ्या उन्हाचा. खालून घाट चढून आला सायकल हातात धरून. खिंडीत बसला पळसाखाली. गुराख्यांले वाटलं झोपला. ऊन लागलं त्याले."

पळसाला तेव्हा पान नसतं, एवढंच शरयूच्या मनात आलं.

"काल सकायी माती दिली... जाळलं. तुमची चिठी होती सदऱ्याच्या खिशात. घामानं चिपकून गेल्ती. कोनी काढली नाई. तशीच गेली त्याच्यासंग सरणावर."

आणि मग शरयूने जे विचारलं ते तिला पुढे कधीच विसरता आलं नाही. तिने विचारलं, "पुस्तक कुठे आहे?"

कडूबाने तिकिटांची पेटी पुन्हा उचलली. "कॅरियरले बांधेल होतं," तो म्हणाला. "कॉलेजचा शिक्का होता म्हून लोकायनं कॉलेजात पोचतं केलं."

त्या दिवशी ती कॉलेजात जाऊन पानं ठेवून येऊ शकली असती. कपाट उघडं असायचं. पण मग कोणीतरी विचारलं असतं, कुठे सापडली?

शुक्रवारी दुपारी तिने ट्रंक उघडली. अभ्यास करायचा म्हणून नव्हे, पानं आहेत ना एवढंच पाहायला. पहिल्या पानावर गोल, दुसऱ्यावर गोल. बोट समासातून खाली खाली गेलं आणि थांबलं. गोल नऊ होते.

आपण मोजायला चुकलो असू. सातच म्हणून चिठीत त्याने लिहिलं होतं खरं, पण तोही चुकला असेल. तिने कॅलेंडरच्या मागे तारीख घातली आणि पुढे नऊ लिहिलं.

शनिवारी बारा झाले. रविवारी चौदा.

सगळे वरून किंचित उघडे.

ती भित्री नव्हती. आपणच झोपेत करत असू, असं तिने धरलं आणि घरातली एकूण एक पेन्सिल गोळा करून शेजारच्या मुलींना वाटून टाकली. ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. सोमवारी सतरा झाले. मंगळवारी तिने वडिलांच्या टेबलातली लाख आणि मेणबत्ती घेतली, पानांना दोऱ्याचे चार वेढे दिले आणि गाठीवर लाख ओतून स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उठवला. बुधवारी दुपारी उन्हात नेऊन पाहिलं. ठसा शाबूत होता, रेषा न् रेषा तिच्याच. तिने दोरा कापला.

तेवीस.

"काय एवढं मोजत असतेस गं रोज?" आई, पुष्पाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"उदाहरणं."

"सोडवायची असतात ना ती?"

शरयूने ट्रंकेचं झाकण लावलं. तिचे ठिपके अकरावरच थांबले होते. ज्यासाठी पानं ठेवून घेतली, ती उघडून पाटी घेऊन बसायचा धीर तिला एकदाही झाला नाही. पान उघडलं की करपलेल्या गवताचा आणि तापल्या लोखंडाचा वास यायचा.

गुरुवारी गोल वाढले नाहीत. तेवीसच राहिले. ती दिवसभर पुन्हा पुन्हा पाहत राहिली, आणि संध्याकाळी दिवेलागणीला एकदम तिच्या ध्यानात आलं. गुरुवार. शेगाव.

त्या दिवशी तिने वही चाळली तेव्हा दोन रेघा ओढलेलं ते वाक्य समोर आलं. एकाच वाटेवर पहारा ठेवून भागत नाही. तिने वही मिटली. पुन्हा लाख लावली नाही.

शुक्रवारी पंचवीस. शनिवारी सत्तावीस. रविवारी एकोणतीस. सोमवारी तीस.

मंगळवारी पेपर होता.

वर्गात तीन बाकं लावली होती, एकामागे एक. बाकांवर खडूने नंबर लिहिलेले. पुढे चिंतामणचा, मध्ये शरयूचा, शेवटी उद्धवचा. पर्यवेक्षक बाहेरून आलेले, अनोळखी. त्यांनी तिन्ही बाकांवर प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका ठेवल्या.

उद्धव उभा राहिला. "सर, तो... तो येत नाई आता."

"नंबर आहे ना? मग ठेवावं लागतं. गैरहजर असेल तर अर्ध्या तासाने उचलीन."

खिडकीतून गरम वारा येत होता. शरयूचे कागद फडफडत होते. तिने एका हाताने ते दाबून धरले आणि दुसऱ्याने लिहू लागली. मागे उद्धव कागदांवर कंपासपेटी ठेवत होता, त्याचा आवाज आला.

पुढच्या बाकावरचे कागद हलत नव्हते.

सहावा प्रश्न तिने वाचला. एकतिसावं उदाहरण होतं, जसंच्या तसं. दिलेल्या क्रमाने कधीच न सुटणारं. क्रम उलटवायचा, आणि तिरप्या धुऱ्यापाशी वावराचे दोन तुकडे पाडायचे. कुठे पाडायचे, ते तिला येत नव्हतं.

अर्धा तास झाला. पर्यवेक्षक उठले आणि पुढच्या बाकापाशी आले. हात पुढे केला. तसेच उभे राहिले. मग हात मागे घेऊन, पाय न वाजवता, आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. पुढचे अडीच तास ते तिथून उठले नाहीत.

शरयूने सहावा प्रश्न कोरा सोडला. मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर उद्धवने तिला ओसरीत गाठलं. त्याचा चेहरा पिवळा पडला होता. "शरयूताई, त्याईनं गठ्ठ्यात किती बांधले? तीन बांधले नं?"

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

घरी येऊन तिने ट्रंक उघडली. एकतीस.

तिने पानांना दोरा गुंडाळला, लाख लावली आणि ठसा उठवला.

जूनमध्ये खर्चे सरांनी तिला बोलावलं. निकालाचा कागद त्यांच्यापुढे होता. तिच्या नावावरची ओळ त्यांच्या पालथ्या पंजाखाली होती.

"तुझा दुसरा नंबर आहे," ते म्हणाले. "पण शिष्यवृत्ती तुलाच मिळेल."

"आणि पहिला, सर?"

सरांनी पंजा उचलला नाही. "पहिला घ्यायला येणार नाही."

ती नागपूरला गेली. मेहकरच्या मुलाचं दुसरीकडे झालं. पुढे अमरावतीच्या एका कॉलेजात ती गणित शिकवू लागली. डबल इंटिग्रल आलं की ती मुलांना सांगायची, "पऱ्हाटी उभी डवरा का आडवी डवरा, वावर तेच. धुऱ्याकडे ध्यान ठेवा." मुलं खूश व्हायची. शहरात वाढलेल्या बाईंना हे सुचलं कसं, म्हणायची. ती कुणाचं नाव सांगत नसे. सांगायला तोंड उघडायची, आणि फळ्याकडे वळायची.

१९७३ साली खर्चे सर निवृत्त झाले. समारंभाचं पत्र आलं, तेव्हा तिने ते सोळा पानांचं बाड पर्समध्ये घातलं. नऊ वर्षांत लाख काळी पडली होती. मलकापूरहून मोताळ्यामार्गे बस घाट चढू लागली. खिंड आली हे तिला डोळे मिटूनही कळलं. इंजिनाचा सूर तिथे बदलतो.

समारंभ संध्याकाळी होता. ती दुपारीच ग्रंथालयात गेली. नवा कारकून होता, त्याने कपाट उघडून दिलं. "हे बुक कोनी नेतच नाही, मॅडम. मधातले पानं नाहीत ह्याच्यात."

निळं कापड विटलं होतं. मागच्या खिशातल्या कार्डावर तिचं नाव, त्याचं नाव, तिचं, त्याचं, अशा ओळी होत्या. शेवटची ओळ त्याची. १ एप्रिल १९६४. परत केल्याच्या रकान्यात काही नव्हतं.

ती खिडकीपाशी बसली. अंगठ्याचा ठसा तिने स्वतःच मोडला, दोरा सोडला, पानं सरळ केली. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "सापडली." इतकं हळू की कारकुनालाही ऐकू गेलं नसेल.

मग दोनशे आठ आणि दोनशे पंचवीस या पानांच्या मध्ये तिने पुस्तक उघडलं.

तिथे एक चिठी होती.

घामाने भिजून पुन्हा वाळल्यासारखी, कडक, चार घड्यांची. घडी उलगडताना तिला कडा कुठेतरी जळलेली सापडेल असं वाटलं. तशी नव्हती.

वरच्या बाजूला तिचंच अक्षर होतं, कडूबाच्या पेन्सिलीने लिहिलेलं. 'माझ्याकडे नाहीत. शोधून पाहते.'

त्या ओळीशेजारी, समासात, एक गोल होता. वरून किंचित उघडा.